दोन पाट्या

आमच्याकडं कुणाचं पोर नोकरीला लागलं की गावात सत्कार होतो. शाल, श्रीफळ, फेटा, आणि मग भाषणं. सगळ्या भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं : 'परिस्थिती हलाखीची होती, पण शिक्षणाच्या जोरावर वर आला.' वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. शिकून पुरं होईपर्यंत त्या पोराला शाळेत कुणी टिकवून धरलं, तेवढी वर्षं घरची चूल कशावर पेटली, याचा हिशेब त्या भाषणांत नसतो. मी दहावी शिकलेला शेतकरी माणूस. इतिहासाची पुस्तकं वाचायचा नाद आहे, आणि घरचा इतिहास तर डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्या दोन्हींच्या आधारानं तो राहिलेला अर्धा हिशेब इथं मांडतो.

आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या उगवतीच्या अंगाला. तिकडं महाबळेश्वराला पाऊस कोसळत असतो तेव्हा आमच्याकडं नुसतं वारं सुटलेलं असतं. माणगंगा नावाची नदी, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्यात वाळूच. घरची सहा एकर मुरमाड जमीन. खरिपाला बाजरी, मटकी, हुलगा, आणि साधलं तर रब्बीला ज्वारी. आम्ही चार भावंडं. थोरला दादा, त्याच्या पाठची अक्का, मग मी, आणि शेवटची धाकटी. एकाच आईबापाची, एकाच चुलीवरची भाकरी खाल्लेली ही चार पोरं चार वेगवेगळ्या इयत्तांत थांबली. का थांबली, ते बघत गेलं तर महाराष्ट्राचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहासच हाताला लागतो.

दादा आमच्यात सगळ्यात हुशार. पावकी, निमकी, दिडकी त्याला तोंडपाठ. बाजारात व्यापाऱ्याच्या आधी तो हिशेब सांगायचा. पण १९६५ आणि ६६ ही दोन्ही वर्षं दुष्काळाची गेली. रानात काही नाही, गावात कुणाकडं मजुरी नाही, आणि आमच्या आसपास सरकारी कामही निघालं नाही. दादा तेव्हा पाचवीत होता. त्याचं नाव शाळेतून काढायचं ठरलं तेव्हा मास्तर घरी आले. म्हणाले, "पोरगं हुशार आहे, नका काढू." आबा खाली मान घालून बोलले, "मास्तर, हुशार हाय म्हणून भाकरी कमी खातंय व्हय?" मास्तरांकडं त्याला उत्तर नव्हतं. आठ दिवसांनी दादा गावातल्या एका माणसाबरोबर मुंबईला गेला आणि एका हॉटेलात कपबशा विसळायला लागला. वय वर्षं अकरा.

अक्काची गोष्ट त्याहून साधी. ती तिसरीत असताना धाकटी जन्मली. आयला रानात, रोजगाराला जावं लागायचं. तान्ह्या पोरीला कोण बघणार? अक्का. तिला कुणी शाळेतून काढलं असं नाही, ती जायची बंद झाली एवढंच. त्या काळी गावागावांत अशा अक्का होत्या. अंगणवाडीची योजना देशात सुरू झाली १९७५ साली, आणि आमच्या वाडीपर्यंत ती यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. तोवर गावाची अंगणवाडी म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोर आणि तिच्या कडेवरचं मूल.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. आमच्या पिढीला नुसतं 'बहात्तर' म्हटलं तरी पुरतं. आधीच्या दोन सालांनी कंबरडं मोडलं होतं, तिसऱ्यानं पार झोपवलं. विहिरी तळाला गेल्या. जित्राबं मिळेल त्या किमतीला विकली, आमचीही बैलजोडी गेली. रेशनवर परदेशी मिलो यायची. तांबडी ज्वारी ती, भाकरी थापताना चिरायची आणि घशाखाली उतरताना खरवडायची. तरी तीच खाऊन माणसं जगली. हा दुष्काळ दादाच्या वेळेपेक्षा कितीतरी मोठा. मी तेव्हा सहावीत. दादाला जो नियम लागला तोच लागता तर मीही मुंबईच्या गाडीत बसलो असतो. बसलो नाही. माझी अक्कल दादापेक्षा जास्त होती असं मुळीच नाही. फरक एवढाच होता, की या खेपेला आयच्या हाताला काम होतं.

हे काम कुठून आलं, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागतं.

दुष्काळात सरकारनं काम काढणं नवं नाही. म्हसवडजवळचा राजेवाडीचा मोठा तलाव इंग्रजांच्या काळी दुष्काळी कामातूनच उभा राहिला. पण इंग्रजांचं काम म्हणजे माणूस मरू नये एवढ्यापुरतं. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या साहेबानं कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडेसे पैसे पुरे, असं ठरवलं. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला अर्ध्या किलोहून कमी दाणा! त्या वेळी मुंबई इलाख्यातले मजूर हे नाकारून कामावरून उठून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू धरली. त्याच दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांचे सत्यशोधक सोबती धनकवडीला पोरांसाठी अन्नछत्र चालवत होते. पुढं पाचच वर्षांनी, १८८२ साली, याच जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं मागणी केली, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचं करा. आधी पोरांच्या पोटाची सोय बघितलेला माणूस मग शाळेच्या सक्तीची मागणी करतो, यात मला मोठा अर्थ दिसतो. उपाशी पोरावर सक्ती करून उपयोग नाही, हे त्यांनी धनकवडीला डोळ्यांनी पाहिलं होतं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. पण हेच महाराज नुसता दंड लावून थांबले नाहीत. त्याच्या कितीतरी आधीपासून, १९०१ पासून, त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर त्यानं निजायचं कुठं आणि खायचं काय, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवायला घेतला.

त्या कोल्हापुरात शिकलेले भाऊराव पाटील पुढं आमच्या सातारा जिल्ह्यात आले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, गळ्यातलं मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट आमच्या भागात अजून आयाबाया सांगतात. गावोगाव घरातून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहांची कोठारं भरली जायची. म्हणजे एका घराच्या पोराच्या शिक्षणात शंभर घरांच्या मुठी होत्या. 'स्वावलंबी शिक्षण' हे रयतेचं ब्रीद सगळ्यांना पाठ आहे, पण त्या स्वावलंबनाच्या खाली दुसऱ्यांच्या चुलीवरचं धान्य होतं, हेही ध्यानात ठेवायला पाहिजे.

पण हे सगळं पोरापुरतं झालं. पोराच्या मागं जे घर असतं, त्याचं काय? ते उपाशी असेल तर वसतिगृहातलं पोरही माघारी येतं. त्या घराचा विचार ज्यांनी केला त्यांत एक नाव आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्याचं. विठ्ठल सखाराम पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेचे ते सभापती. १९६५ साली त्यांच्या पुढाकारानं तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला : जो काम मागेल त्याला काम द्यायचं. भीक नाही, धर्म नाही. आणि काम असं, की ज्यातून माती अडेल, पाणी मुरेल, रस्ता होईल. ही कल्पना वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना सरकारनं उचलली आणि १९७२ साली रोजगार हमी योजना राज्यभर जाहीर झाली. त्या साली दुष्काळच एवढा होता की सगळी कामं दुष्काळी कामं म्हणूनच चालली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. त्या पन्नास लाखांत एक माझी आय.

आमच्या गावापासून तीन मैलांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं. आबा खणायचे. आय आणि अक्का पाट्या वाहायच्या. आमच्याकडं माती वाहायच्या टोपलीला पाटी म्हणतात आणि पोराच्या लिहायच्या दगडी फळीलाही पाटीच म्हणतात. शहरात 'पाट्या टाकणे' म्हणजे कामचुकारपणा करणे. हा शब्द कुणी काढला ठाऊक नाही, पण त्यानं डोक्यावर पाटी घेऊन मे महिन्यात बांध चढून बघितलेला नसावा. दिवसाला दोनतीनशे पाट्या टाकल्या तर कुठं अडीच-तीन रुपये पदरात पडायचे. कामावर सुकडी मिळायची, गोडसर चुऱ्यासारखी. आय आपल्या वाटणीची निम्मी पदरात बांधून आणायची, धाकटीसाठी आणि माझ्यासाठी.

त्या कामावर एक गोष्ट नवी होती. रानातल्या रोजगाराला बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी, हा शिरस्ता. इथं मापावर पैसे. माती बाईनं टाकली का गड्यानं, मातीला काय कळतंय? मस्टरवर आयचं नाव स्वतंत्र लागायचं आणि त्यापुढं तिचा अंगठा. आबांच्या नावाखाली नाही, तिच्या स्वतःच्या नावापुढं. आणि हे पैसे तिच्या हातात पडत असल्यानं, माझं नाव शाळेतून काढायचा विषय निघाला तेव्हा ती पहिल्यांदा मधे बोलली, "त्याला राहू द्या. त्याची भाकरी माझ्या पाट्यांतनं." आबा गप्प बसले. सहा वर्षांमागं दादाच्या वेळी ती बोलली नव्हती, कारण तेव्हा तिच्या हातात बोलायजोगं काहीच नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा असायची. सुटली की मी भाकरी घेऊन कामावर जायचो. एका शनिवारी माप घ्यायला कारकून आला होता. खड्डा किती खोल होता ते कळावं म्हणून मधोमध मातीचा एक उंचवटा न खणता तसाच ठेवायची रीत. आयच्या टोळीचा खड्डा बारा फूट लांब, दहा फूट रुंद. कारकुनानं माप घेतलं, वहीत दीड ब्रास लिहिलं आणि पुढं सरकला. आम्हाला त्याच महिन्यात शाळेत घनफळ शिकवलं होतं. मी हातातल्या काठीनं उंचवटा मापला. दीड फूट भरला. पाटीवर मांडलं. बारा दाहे एकशेवीस, त्याला दीडनं गुणलं, एकशेऐंशी. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे एक पूर्णांक आठ दशांश ब्रास झाला. कारकुनानं खोली सव्वा फूटच धरली होती. मी आयला सांगितलं. आय टोळीतल्या बायकांना म्हणाली, आणि त्या पाचही जणी पाट्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. कारकून आधी गुरकावला, "पोराचं ऐकून मला शिकवता काय?" पण बायका हलेनात. शेवटी त्यानं पुन्हा टेप लावला आणि आकडा बदलला. तीस घनफुटांचे वाढीव पैसे, पाच जणींत वाटले तर काही आणेच. पण टोळीतली एक म्हातारी म्हणाली, "बया, पोराच्या पाटीनं आपल्या पाट्या मोजल्या." अक्का शेजारीच उभी होती. तिनं माझी पाटी हातात घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मला बी गुणाकार येत व्हते रं." एवढं बोलून तिनं पाटी परत दिली आणि मातीची पाटी डोक्यावर घेतली. पुढच्याच्या पुढच्या साली तिचं लग्न झालं.

या कामाबद्दल सगळं गोडगोड सांगायचं नाही. मस्टर एकच होतं, पण पाण्याचे माठ दोन होते. एक आमच्यासाठी आणि एक गावकुसाबाहेरच्यांसाठी. माझ्या वर्गातल्या मित्राची आई माझ्या आयच्या पुढंमागं पाट्या वाहायची, दोघींचा घाम एकाच मातीत पडायचा, पाणी मात्र निराळं. तो मित्र पुढं भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहात राहून बी. ए. झाला, चांगल्या हुद्द्यावर पोचला. त्याला सवलत मिळाली म्हणून कुरकुर करणारे गावात अजून आहेत. त्यांना मी विचारतो, दुसरा माठ कुणाचा होता ते आठवतंय का?

आणखी एक. तलाव झाला, पाणी मुरलं, खालच्या विहिरींना पाझर लागला. पण ज्याची विहीर त्याचं पाणी. ज्या बायांनी तलावाची माती वाहिली, त्यांतल्या कित्येकींना वीतभर रान नव्हतं. त्यांच्या वाट्याला मजुरी आली, पाणी आलं नाही. त्यांच्या पोरांना शाळेशिवाय दुसरा मळाच नव्हता.

सातवी झाल्यावर मी बाजारच्या गावी रयतेच्या हायस्कुलात गेलो. फीचा प्रश्न आला तेव्हा 'बाराशेच्या आतला' दाखला काढला. माझ्या वयाच्या वाचकांना हा दाखला नक्की आठवत असेल. घरचं वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर फी माफ, म्हणजे ईबीसीची सवलत. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ साली ती सुरू झाली. जात न बघता गरिबी बघून दिलेली ही सवलत नसती, तर आमच्या पट्ट्यात मॅट्रिक झालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजायला लागली असती. वसतिगृहात सकाळी शाळेच्या रानात काम करायचं, झाडांना पाणी घालायचं, मग शाळा. धान्य घरून न्यायचं. ते धान्य घरात कसं यायचं? बहात्तरचा दुष्काळ सरला तरी उन्हाळ्यात आयचं कामावर जाणं सुरूच राहिलं. कधी नालाबंडिंग, कधी रस्ता, कधी खडी. दुष्काळ संपला म्हणून काम बंद झालं नाही, ही हमी योजनेची खरी करामत. दुष्काळ एखाद्या साली येतो, पण जानेवारी ते मे हा गरिबाचा दुष्काळ दरसाल येतो.

या कामाला पैसा कुठून यायचा, हे मला फार उशिरा पुस्तकातून कळलं. १९७५ साली महाराष्ट्र सरकारनं व्यवसाय कर बसवला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून तो घ्यायचा आणि रोजगार हमीला वापरायचा, त्यात सरकारनं आपली भर घालायची. म्हणजे मुंबईत लोकलला लोंबकळत कामाला जाणाऱ्या कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जायचे, आणि त्यातून माणदेशात माझ्या आयचं मस्टर भरायचं. त्याला आय माहीत नव्हती, आयला तो माहीत नव्हता. पुढं १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क झाला. पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता द्यायचा. आमच्याकडं तो भत्ता कुणाला मिळालेला मी पाहिला नाही, पण कायद्यात लिहिलंय एवढं सांगितलं तरी साहेब काम काढायचा, हे मात्र अनेकदा पाहिलं. केंद्र सरकारनं २००५ साली देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याची मुळं इथली, विसापूर-तासगावच्या मातीतली.

मी १९७७ साली दहावी पास झालो. सातारला कॉलेजात जायचं ठरलं होतं. त्याच उन्हाळ्यात आबांच्या पोटाचं दुखणं निघालं. दवाखाना, ऑपरेशन, पुन्हा दवाखाना. दोन एकर रान गेलं. आबा त्यातून उठले, पण पुन्हा खणायचं काम त्यांच्यानं झालं नाही. दादा मुंबईत, घरात कर्ता मी एकटा. माझं शिक्षण तिथं थांबलं. उपासमारीवर उपाय निघाला होता, फीवर निघाला होता, पण घरात मोठं आजारपण आलं तर गरिबाला कुणाचाच आधार नव्हता. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली २०१२ साली. म्हणजे आबांच्या दुखण्यानंतर पस्तीस वर्षांनी.

बांधाला जिथं खांड पडलेली असते तिथूनच पाणी फुटतं. दादाच्या वेळी घराला रोजगार नव्हता, तो पाचवीत फुटला. अक्काच्या वेळी मूल सांभाळायला जागा नव्हती, ती तिसरीत. माझ्या वेळी आजारपणाला आधार नव्हता, मी दहावीत. एकेक खांड बुजत गेली तसं पुढचं पोर एकेक पायरी पुढं गेलं. धाकटी शिकली तेव्हा आयचं मस्टर होतं, फी माफ होती, वसतिगृह होतं, आणि दादाची मनिऑर्डर होती. ती डी. एड. झाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका लागली.

दादाच्या मनिऑर्डरीचीही गोष्ट आहे. हॉटेलातून तो मोठेपणी मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून लागला. पाठीवर पोती. पण १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला होता. अण्णासाहेब पाटलांनी आमच्या सातारा भागातल्याच हमालांना एकत्र करून तो लढा लढवला. त्या कायद्यानं हमालाची मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, फंड कापला जाऊ लागला, बोनस मिळू लागला. आधी पोतं उचलायचं थांबलं की हमालाची मिळकत त्याच दिवशी संपायची. आता दर महिन्याचा हिशेब लागला, म्हणून दादा दर महिन्याला गावी पैसे पाठवू शकला. पाचवीत शाळा सुटलेल्या दादाच्या दोन्ही पोरांनी पदवी घेतली. सगळ्यात हुशार होता त्याचं शिक्षण एक पिढी उशिरा झालं, त्याच्या पोरांच्या रूपानं.

धाकटी शिक्षिका झाली तेव्हा तिच्या हातात शाळेचा हजेरीपट आला. १९९५ च्या १५ ऑगस्टला शालेय पोषण आहार सुरू झाला. आधी शिजवलेलं अन्न नव्हतं. ज्याची हजेरी ऐंशी टक्के, त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ. धाकटी सांगते, तांदूळ मिळायच्या दिवशी आयाबाया पोतडी घेऊन शाळेत यायच्या आणि हजेरीपटात आपल्या पोराचं नाव कुठं आहे ते बोटानं दाखवायला लावायच्या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला, मग खिचडी आली. खिचडीवर विनोद करणारे पुष्कळ भेटतात. दुपारच्या सुट्टीत घरी काही नाही म्हणून वाडीच्या वाटेला न लागता झाडाखाली बसून राहणारी पोरं त्यांनी बघितलेली नसतात. मी त्या पोरांतला एक.

दिवाळी झाली की धाकटीच्या हजेरीपटात गैरहजेरीची ओळ लागायची. ऊसतोडीला गेलेल्या घरांची पोरं. एका साली तिच्या वर्गातली निम्मी पोरं गेली. पुढं अशा पोरांना गावातच ठेवून घ्यायला हंगामी वसतिगृहं निघाली. जिथं ती नीट चालली तिथं पोरं राहिली, जिथं नुसती कागदावर राहिली तिथं पोरं कोयत्याच्या मागं गेली. कामाचंही तसंच. अलीकडं रोजगार हमीच्या हजेरीला मोबाइलवर दिवसातून दोन वेळा फोटो काढावा लागतो. आमच्या वाडीला रेंज नसली की बाईनं दिवसभर माती टाकूनही हजेरी लागत नाही. मजुरी बँकेत जमा होते हे चांगलंच, पण महिना-दोन महिने उशिरा झाली तर मधल्या दिवसांत घर काय खाणार? आणि घरानं उसनं काढलं की पहिला घाला पडतो तो पोराच्या शाळेवर.

माझी मुलगी शिकली तोवर बऱ्याच खांडी बुजल्या होत्या. मुलींना बारावीपर्यंत फी नव्हती. हायस्कूलला जायला अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा एसटीचा मोफत पास होता. तो पास नसता तर रोजचं येण्याजाण्याचं भाडं मला झेपलं नसतं, आणि भाडं झेपत नाही म्हणून मुलगी घरी बसते तेव्हा तिचं नाव कुठल्याच दुष्काळाच्या यादीत येत नाही. ती परिचारिका झाली. आता पुण्यात एका दवाखान्यात नोकरीला आहे.

मागच्या दिवाळीला ती घरी आली होती. पगाराची पावती दाखवत मला म्हणाली, "दादा, हे बघा, व्यवसाय कर म्हणून महिन्याला दोनशे रुपये कापतात. फेब्रुवारीत तर तीनशे. हे कशाचं असतं?" माझ्या पोरी मला दादाच म्हणतात. मी तिला घेऊन पाझर तलावाच्या बांधावर गेलो. बांधाला आता बाभळी उगवल्यात, पण भर अजून शाबूत आहे. तिथं तिला सगळं सांगितलं. तिची आजी, अंगठा, मस्टर, मुंबईचा तो कारकून, आणि १९७५ चा कर. तिनं बांधाची लांबी डोळ्यांनी मापली आणि विचारलं, "यातल्या आज्जीच्या पाट्या किती असतील?"

तिथंच बसून आम्ही हिशेब घातला. दिवसाला अडीचशे, महिन्याला पंचवीस दिवस, उन्हाळ्याचे पाच महिने. एका उन्हाळ्याच्याच तीस हजारांवर पाट्या निघाल्या.